१९९३ च्या शुगर बोलमधील अलाबामाची बचावनीती

१ जानेवारी १९९३ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरातील लुइझियाना सुपरडोम येथे झालेला शुगर बोल हा १९९२ च्या महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल हंगामाचा राष्ट्रीय विजेता निश्चित करणारा सामना होता. या सामन्यात द्वितीय मानांकित अलाबामा विद्यापीठाच्या संघाने प्रथम मानांकित व गतविजेत्या मायामी विद्यापीठाच्या संघाचा ३४–१३ असा पराभव केला. या पराभवामुळे मायामीची सलग २९ विजयांची मालिका खंडित झाली. अलाबामाच्या विजयाचे श्रेय प्रामुख्याने त्याच्या बचावफळीला आणि सामन्यापूर्वी आखलेल्या बचावाच्या योजनेला दिले जाते. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला डाव सुरू होण्यापूर्वी जे दिसते आणि डाव सुरू झाल्यावर जे घडते, या दोहोंत अंतर निर्माण करणे हे या योजनेचे सूत्र होते.

खेळाची रचना

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. मैदानाची लांबी १०० यार्ड असून दोन्ही टोकांना प्रत्येकी १० यार्डांचे अंत्यक्षेत्र असते. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला किमान १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नास 'डाउन' म्हणतात. चार प्रयत्नांत १० यार्ड पूर्ण झाल्यास पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न झाल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू अंत्यक्षेत्रात नेल्यास 'टचडाउन' होऊन सहा गुण मिळतात व त्यानंतरच्या यशस्वी लाथेचा एक अतिरिक्त गुण मिळतो. मैदानी गोलास तीन गुण असतात.

आक्रमक संघाचे नेतृत्व क्वार्टरबॅक करतो. मधल्या खेळाडूने चेंडू त्याच्याकडे मागे दिला की डाव सुरू होतो. या क्रियेस 'स्नॅप' म्हणतात. क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या हाती देऊ शकतो, स्वतः धावू शकतो किंवा पुढे धावणाऱ्या रिसीव्हरकडे फेकू शकतो. बचाव करणाऱ्या संघाने ही फेक मध्येच झेलल्यास तिला 'इंटरसेप्शन' म्हणतात आणि चेंडूचा ताबा तत्काळ बदलतो.

बचावनीतीच्या दृष्टीने या खेळाच्या नियमांतील एक विषमता महत्त्वाची आहे. स्नॅपपूर्वी आक्रमक संघाला आपली रचना घेऊन स्थिर व्हावे लागते. स्नॅपच्या क्षणी केवळ एका खेळाडूला हालचाल करण्याची मुभा असते आणि तीही पुढच्या दिशेने नव्हे. बचाव करणाऱ्या संघावर असे बंधन नाही. स्नॅपच्या क्षणी आपल्या बाजूस राहिले की त्याचे खेळाडू तोपर्यंत हवे तसे पुढे-मागे सरकू शकतात. क्वार्टरबॅक मात्र स्नॅपपूर्वीच्या काही सेकंदांत बचावाची मांडणी पाहून डावाचा अंदाज बांधतो आणि आवश्यक वाटल्यास ठरलेला डाव तेथल्या तेथे बदलतो. त्यामुळे बचावफळीने दाखवलेली मांडणी हीच क्वार्टरबॅकची मुख्य माहिती असते. ही माहिती खोटी ठरवणे नियमबाह्य नाही.

पार्श्वभूमी

मायामी विद्यापीठाने १९८३, १९८७, १९८९ आणि १९९१ या हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. प्रशिक्षक डेनिस एरिक्सन यांच्या मार्गदर्शनाखाली हा संघ एकच धावपटू मागे ठेवून तीन किंवा चार वेगवान रिसीव्हर मैदानभर पसरवत असे. लॅमार थॉमस, होरेस कोपलँड आणि केव्हिन विल्यम्स हे त्यांतील प्रमुख होते. क्वार्टरबॅक जिनो टोरेटा याला डिसेंबर १९९२ मध्ये देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूसाठीचा हाइसमन चषक मिळाला. संपूर्ण नियमित हंगामात त्याच्या केवळ ७ फेका प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडल्या होत्या.

अलाबामा विद्यापीठातील फुटबॉलचे १९९२ हे शंभरावे वर्ष होते. पॉल 'बेअर' ब्रायंट यांच्या काळात, १९७९ मध्ये मिळालेल्या अजिंक्यपदानंतर या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नव्हते. १९९० मध्ये मुख्य प्रशिक्षक झालेले जीन स्टॉलिंग्स हे टेक्सास ए अँड एम विद्यापीठात ब्रायंट यांचे शिष्य होते. बचावाची आखणी करणारे सहप्रशिक्षक बिल ऑलिव्हर हे 'ब्रदर' या टोपणनावाने ओळखले जात. ते अलाबामातच ब्रायंट यांच्या हाताखाली खेळले होते आणि पार्श्वफळीच्या प्रशिक्षणातील जाणकार मानले जात.

१९९२ च्या हंगामात साउथईस्टर्न कॉन्फरन्सने प्रथमच स्वतंत्र अंतिम सामना आयोजित केला. ५ डिसेंबर रोजी बर्मिंगहॅम येथे झालेल्या या सामन्यात अलाबामाने फ्लोरिडाला २८–२१ असे हरवले. बरोबरीत असलेल्या या सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात कॉर्नरबॅक अँटोनियो लँगहॅम याने फ्लोरिडाची फेक मध्येच झेलून थेट टचडाउन केला. याच हंगामात सुरू झालेल्या 'बोल कोअलिशन' या व्यवस्थेमुळे पहिल्या व दुसऱ्या मानांकित संघांची शुगर बोलमध्ये गाठ पडली. कॉन्फरन्सचा अंतिम सामना आणि शुगर बोल यांमध्ये २७ दिवसांचे अंतर होते. नियमित हंगामात दोन सामन्यांमध्ये साधारणतः एका आठवड्याचा अवधी मिळतो. त्यामुळे एकाच प्रतिस्पर्ध्यासाठी स्वतंत्र व गुंतागुंतीची योजना तयार करून तिचा सराव करण्यास अलाबामाला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ मिळाला.

बहुसंख्य जाणकारांच्या मते मायामीचे पारडे जड होते. अलाबामाचा बचाव उत्तम असला तरी त्याचे आक्रमण मायामीच्या तुलनेत मर्यादित आहे, असा या अंदाजाचा आधार होता.

बचावफळीतील खेळाडू

अलाबामाची मूळ रचना '३-४' प्रकारची होती. या रचनेत आघाडीवर तीन, त्यांच्या मागे चार लाइनबॅकर आणि सर्वांत मागे चार पार्श्वरक्षक असतात. १९९२ च्या हंगामात प्रति सामना दिलेल्या यार्डांच्या निकषावर ही बचावफळी देशात पहिली होती. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यासह झालेल्या १२ सामन्यांपैकी तीन सामन्यांत तिने प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळू दिला नाही आणि कोणत्याही संघाला २१ पेक्षा अधिक गुण करता आले नाहीत.

आघाडीच्या फळीत दोन्ही टोकांना जॉन कोपलँड आणि एरिक करी, तर मध्यभागी जेम्स ग्रेगरी खेळत असे. कोपलँड व करी हे दोघेही त्या वर्षीच्या अखिल अमेरिकी संघात निवडले गेले. उंच, वजनदार आणि तरीही चपळ असे हे दोन खेळाडू अतिरिक्त मदतीशिवाय क्वार्टरबॅकवर दबाव आणू शकत. त्यांना रोखण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला बहुधा प्रत्येकी दोन खेळाडू लावावे लागत. या गुणाचे महत्त्व केवळ आघाडीपुरते नव्हते. तीन-चार खेळाडूंनीच दबाव निर्माण होत असेल तर उरलेले सात-आठ खेळाडू मागे ठेवून रिसीव्हरांवर लक्ष ठेवता येते.

लाइनबॅकरांमध्ये डेरिक ओडेन, लेमान्स्की हॉल आणि अँटोनियो लंडन हे प्रमुख होते. धावपटूला अडवणे, क्वार्टरबॅकवर चाल करणे आणि मागे जाऊन फेक रोखणे अशी तिन्ही कामे त्यांच्याकडे असत.

पार्श्वफळीत लँगहॅम, जॉर्ज टीग, टॉमी जॉन्सन आणि सॅम शेड यांचा समावेश होता. वेगवान रिसीव्हरला कोणाच्याही मदतीशिवाय एकट्याने रोखू शकणारे पार्श्वरक्षक हाती असणे ही ऑलिव्हर यांच्या योजनेची दुसरी पूर्वअट होती.

योजना

मायामीसारख्या संघाविरुद्ध बचावापुढे सामान्यतः दोन पर्याय असत. पहिला, अनेक खेळाडूंनी एकाच वेळी क्वार्टरबॅकवर चाल करणे. या चालीस 'ब्लिट्झ' म्हणतात. मात्र त्यामुळे मागे जागा मोकळी राहते आणि अनुभवी क्वार्टरबॅक नेमक्या त्याच जागेत झटपट फेक करतो. दुसरा पर्याय, बहुतेक खेळाडू मागे ठेवून फेक रोखणे. त्यात क्वार्टरबॅकला विचार करण्यास भरपूर वेळ मिळतो. टोरेटा या दोन्ही प्रकारांना सरावलेला होता. कोणता प्रकार समोर आहे हे स्नॅपपूर्वी ओळखता येणे ही मात्र त्याच्या यशाची अट होती.

ऑलिव्हर यांच्या योजनेने नेमकी हीच अट मोडण्याचा प्रयत्न केला. तिचे मुख्य घटक पुढीलप्रमाणे सांगता येतात.

पहिला घटक खेळाडूंच्या निवडीचा होता. मायामी अधिक रिसीव्हर मैदानात आणत असल्याने अलाबामाने अनेक डावांत लाइनबॅकर कमी करून पार्श्वरक्षकांची संख्या वाढवली. पाच, सहा आणि काही प्रसंगी सात पार्श्वरक्षकही मैदानात आले. असे केल्यास धावेविरुद्धचा बचाव दुबळा होण्याचा धोका असतो. परंतु आघाडीची फळी भक्कम असल्याने अलाबामाला तो पत्करता आला.

दुसरा घटक वेषांतराचा होता. पार्श्वरक्षक व लाइनबॅकर आरंभरेषेजवळ येऊन चाल करण्याचा आविर्भाव आणत आणि स्नॅप होताच त्यांपैकी बरेचजण मागे फिरत. सामन्यात काही वेळा तर अलाबामाचे सर्व ११ खेळाडू आरंभरेषेवर उभे दिसले. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ही मांडणी अत्यंत दुर्मीळ होती. सर्वजण पुढे असताना त्यांच्यामागील सारे मैदान रिकामे भासते, परंतु कोण पुढे येणार आणि कोण मागे जाणार हे क्वार्टरबॅकला कळत नाही. ब्लिट्झ गृहीत धरून त्याने घाईने फेक केली, तर चाल करेल असे वाटणारा खेळाडूच फेकीच्या मार्गात उभा असू शकतो.

तिसरा घटक रक्षणपद्धतीच्या मिश्रणाचा होता. एका पद्धतीत प्रत्येक रक्षकाला ठरावीक रिसीव्हर नेमून दिलेला असतो, तर दुसऱ्या पद्धतीत मैदानाचा ठरावीक भाग. एकसारख्याच दिसणाऱ्या मांडणीतून कधी पहिली, तर कधी दुसरी पद्धत वापरल्याने टोरेटाला स्नॅपनंतर पुन्हा विचार करावा लागे. कोपलँड आणि करी यांच्यामुळे त्या विचारासाठी त्याच्याकडे वेळ नसे.

चौथा घटक धाव रोखण्याचा होता. धाव निष्फळ ठरली की संघाला वारंवार फेकीवर विसंबावे लागते, आणि फेक येणार हे आधीच ठाऊक असल्यास वेषांतर अधिक परिणामकारक ठरते. या अर्थाने आघाडीची फळी आणि पार्श्वफळी यांची कामे परस्परांवर अवलंबून होती.

योजनेतील जोखीम

ही योजना सुरक्षित नव्हती. पुढे उभ्या असलेल्या खेळाडूला स्नॅपनंतर मागे धावत जाऊन आपली जागा गाठावी लागते. एखाद्याला क्षणभर उशीर झाला किंवा दोन खेळाडूंच्या समजुतीत फरक पडला, तर रिसीव्हर पूर्णतः मोकळा सुटतो. मायामीच्या रिसीव्हरांचा वेग पाहता अशा चुकीची किंमत थेट टचडाउन असू शकत होती. शिवाय स्नॅपपूर्वी सतत पुढे-मागे सरकणाऱ्या बचावफळीकडून आरंभरेषा ओलांडण्याचा नियमभंग होण्याची शक्यता वाढते.

दुसरी मर्यादा संघाच्या आक्रमणाची होती. अलाबामाचा क्वार्टरबॅक जे बार्कर याच्या फेकीवर मोठी धावसंख्या उभारण्याची संघाची शैली नव्हती. बचाव कोलमडून सामना गुणांच्या शर्यतीत बदलला असता, तर त्या शर्यतीत मायामीला गाठणे अलाबामाला कठीण गेले असते. म्हणून आक्रमणाला धावपटूंच्या बळावर चेंडू दीर्घकाळ ताब्यात ठेवण्याची आणि बचावाला विश्रांती देण्याची पूरक भूमिका देण्यात आली.

प्रत्यक्ष सामना

सामन्याला ७६,७८९ प्रेक्षक उपस्थित होते. पूर्वार्धात दोन्ही संघांनी प्रत्येकी दोन मैदानी गोल केले. त्याखेरीज शर्मन विल्यम्स याच्या टचडाउनमुळे अलाबामाने मध्यंतराला १३–६ अशी आघाडी घेतली. मायामीला पूर्वार्धात एकही टचडाउन करता आला नाही. तरीही सात गुणांचे अंतर एका टचडाउनने भरून निघणारे असल्याने सामना खुला होता.

उत्तरार्धाच्या पहिल्याच डावात टोरेटाची फेक टॉमी जॉन्सनने मध्येच झेलली आणि चेंडू मायामीच्या २० यार्डांच्या रेषेपर्यंत आणला. काही डावांनंतर डेरिक लॅसिक याने टचडाउन केला. मायामीकडे चेंडू आल्यावर लगेचच टोरेटाची पुढची फेक जॉर्ज टीगने झेलली आणि ३१ यार्ड धावत जाऊन थेट टचडाउन नोंदवला. अलाबामाची आघाडी अल्पावधीत २७–६ झाली. दोन्ही प्रसंगी फेक ज्या दिशेने झाली तेथे टोरेटाला अपेक्षित नसलेला रक्षक उपस्थित होता. बचावाच्या योजनेचे हे सर्वांत स्पष्ट फलित मानले जाते.

टीगने हिसकावलेला चेंडू

याच तिसऱ्या सत्रात योजनेतील जोखीम प्रत्यक्षात उतरली. मायामीने आपल्या गोलरेषेजवळून सुरू केलेल्या डावात लॅमार थॉमस रक्षकांच्या मागे निसटला, टोरेटाची लांब फेक त्याने झेलली आणि त्याच्यापुढे मोकळे मैदान उरले. टचडाउन निश्चित वाटत असताना मागून धावत आलेल्या टीगने त्याला गाठले. थॉमसला केवळ पाडण्याऐवजी धावता धावताच टीगने त्याच्या हातातून चेंडू हिसकावून घेतला आणि उलट दिशेने धाव घेतली.

स्नॅपच्या वेळी अलाबामाचा एक खेळाडू आरंभरेषेच्या पलीकडे असल्याचे पंचांनी ठरवले. त्यामुळे चेंडूचा ताबा अलाबामाला मिळाला नाही आणि अधिकृत नोंदीत टीगच्या या कृतीची गणना झाली नाही. तथापि मायामीला टचडाउनही मिळाला नाही. चेंडू पुन्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मायामीच्या गोलरेषेजवळ आणण्यात आला. अधिकृत नोंद नसूनही अलाबामाच्या फुटबॉलच्या इतिहासातील सर्वाधिक स्मरणात राहिलेल्या प्रसंगांत या धावेचा समावेश होतो. बचावनीतीच्या अभ्यासाच्या दृष्टीनेही ती उद्बोधक आहे, कारण या एकाच डावात योजनेच्या दोन्ही ज्ञात उणिवा, म्हणजे मोकळा सुटलेला रिसीव्हर आणि आरंभरेषेचा नियमभंग, उघड झाल्या. त्यांची भरपाई योजनेने नव्हे, तर एका खेळाडूच्या वेगाने व चिकाटीने केली.

चौथ्या सत्रात केव्हिन विल्यम्सने अलाबामाने लाथाडलेला चेंडू ७८ यार्ड परत आणत टचडाउन केला. मायामीचा हा सामन्यातील एकमेव टचडाउन होता. तो अलाबामाच्या नियमित बचावफळीविरुद्ध झाला नव्हता. त्यानंतर लॅसिकने आपला दुसरा टचडाउन करून निकाल ३४–१३ असा निश्चित केला.

आकडेवारी आणि मूल्यमापन

टोरेटाने ५६ फेका केल्या. त्यांपैकी २४ यशस्वी ठरल्या, त्यांतून २७८ यार्ड मिळाले आणि तीन फेका अलाबामाच्या हाती गेल्या. धावेतून मायामीला केवळ ४८ यार्ड मिळाले. दुसऱ्या बाजूस अलाबामाने धावेतून २६७ यार्ड मिळवले. त्यांत लॅसिकचा वाटा १३५ यार्डांचा होता आणि तो सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. बार्करच्या १३ फेकांपैकी चार यशस्वी झाल्या आणि त्यांतून १८ यार्ड मिळाले.

एकूण यार्डांची बेरीज केल्यास मायामीचे ३२६ आणि अलाबामाचे २८५ यार्ड होतात. म्हणजे २१ गुणांनी हरलेल्या संघाने विजेत्यापेक्षा अधिक अंतर कापले होते. या विसंगतीतून योजनेचे स्वरूप स्पष्ट होते. अलाबामाने मायामीला यार्ड मिळवण्यापासून पूर्णतः रोखले नाही. धाव बंद पाडून तिला ५६ वेळा फेक करण्यास भाग पाडले आणि त्या फेकांपैकी निर्णायक फेका चुकीच्या ठिकाणी जातील अशी परिस्थिती निर्माण केली. संपूर्ण नियमित हंगामात सात वेळा घडलेली चूक टोरेटाकडून एका सामन्यात तीन वेळा घडली.

केवळ वेषांतराला या यशाचे श्रेय देणे मात्र अपुरे ठरते. आघाडीच्या फळीने स्वबळावर दबाव आणला नसता तर टोरेटाला स्नॅपनंतर मांडणी पुन्हा पारखण्यास वेळ मिळाला असता, आणि पार्श्वरक्षकांच्या अंगी पुरेसा वेग नसता तर पुढे उभे राहून मागे जाणे त्यांना साधले नसते. योजना उपलब्ध खेळाडूंच्या क्षमतेनुसार बेतलेली होती. तीच योजना अन्य संघाला तशीच उपयोगी पडली असती असे म्हणता येत नाही.

नंतरचा काळ

या विजयासह अलाबामाने १३ विजय व शून्य पराभव अशी कामगिरी नोंदवत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्यानंतरचे अजिंक्यपद संघाला २००९ च्या हंगामात, निक सेबन यांच्या प्रशिक्षणाखाली मिळाले.

१९९३ मध्ये झालेल्या व्यावसायिक खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत जॉन कोपलँडची पाचव्या क्रमांकावर सिनसिनाटी बेंगॉल्सने, एरिक करीची सहाव्या क्रमांकावर टॅम्पा बे बुकेनियर्सने, तर जॉर्ज टीगची पहिल्याच फेरीत ग्रीन बे पॅकर्सने निवड केली. हाइसमन चषक विजेता टोरेटा याची निवड सातव्या फेरीत झाली. अँटोनियो लँगहॅमला १९९३ मध्ये देशातील सर्वोत्कृष्ट पार्श्वरक्षकासाठीचा जिम थॉर्प पुरस्कार मिळाला. बिल ऑलिव्हर पुढे अलाबामाचा पारंपरिक प्रतिस्पर्धी असलेल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संघाचे बचाव प्रशिक्षक झाले आणि १९९८ मध्ये त्यांनी तेथे हंगामी मुख्य प्रशिक्षक म्हणूनही काम पाहिले.